राणीच्या केसांमागची तार

मला कुठलंही चित्र दाखवा, त्यातलं काय काढून टाकायला हवं तेच मला आधी दिसतं. लग्नाच्या अल्बममध्ये नवरीच्या मागे लटकणारी प्लास्टिकची पिशवी, कॅलेंडरवरच्या देवळाशेजारचा विजेचा खांब, बातम्या सांगणाऱ्या मुलीच्या खांद्यावर पडलेला एक केस. नवरा म्हणतो, तू माझ्याकडे टक लावून बघायला लागलीस की मला धडकी भरते. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण डोळा काही निवृत्त व्हायला तयार नाही. एवढा परिच्छेद लिहीपर्यंत मी दोनदा उठले, एकदा गॅस बंद आहे ना ते बघून आले आणि एकदा उगाच खिडकीत उभी राहिले.

संपादकबाईंनी फोनवर सांगितलं, "शुभाताई, तुम्ही ज्या परदेशी सिनेमांवर काम केलंत त्यांनी एवढे मोठमोठे पुरस्कार मारले. त्याच्या गमतीजमती लिहा ना दिवाळी अंकासाठी." गमतीजमती आहेतही. पण त्या पुरस्कारांचा विषय निघाला की मला एक माणूस आठवतो आणि मग एका जागी बसवत नाही. तेव्हा गमती आधी उरकते.

माझा धंदा पुसण्याचा. सुरुवात घाटकोपरच्या एका फोटो स्टुडिओत झाली. तेव्हा काळे-पांढरे फोटो असत आणि निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने काम चाले. मुली 'दाखवायचा' फोटो काढायला येत, मी त्यांच्या पुटकुळ्या आणि देवीचे व्रण काढून देई. एकदा एक दुकानदार घरातल्या सगळ्यांचा फोटो घेऊन आला. वाटणीवरून भांडण झालेलं. धाकट्या भावावर बोट ठेवून म्हणाला, "ह्याला काढा." काढणं सोपं असतं असं लोकांना वाटतं. पण माणूस काढला की त्याच्या मागे जे झाकलं गेलं होतं ते बनवावं लागतं. खुर्चीची पाठ बनवली, पडद्याच्या चुण्या बनवल्या. राहिला आईचा हात. तो धाकट्याच्या खांद्यावर होता. खांदा गेल्यावर हात हवेत लोंबायला लागला. शेवटी मी तो खुर्चीच्या पाठीवर ठेवला. वर्षभरानं तोच माणूस परत आला, जरासा ओशाळून. "समेट झाला. ह्याला परत लावता येईल का?" मूळ फोटो त्यानं स्वतःच रागाने फाडला होता. मी नाही म्हटलं. तो बराच वेळ काउंटरशी उभा होता.

पुढे संगणक आले. मी पस्तिशीत क्लास लावून शिकले आणि अंधेरीत सिनेमा-मालिकांचं काम करणाऱ्या एका स्टुडिओत लागले. तिथे आमच्या विभागाला 'पेंट' म्हणत. पेंट म्हणजे रंगकाम नव्हे. शूटिंगच्या वेळी कॅमेऱ्यात जे येऊ नये ते आलं असेल तर ते काढायचं. सिनेमात एका सेकंदाची चोवीस चित्रं असतात, म्हणजे एकच गोष्ट चोवीस वेळा काढायची. माझं तिथलं पहिलं मोठं काम एका पौराणिक मालिकेचं होतं. घनदाट अरण्य म्हणून आरे कॉलनीत शूटिंग केलेलं. ऋषी डोळे मिटून तपाला बसलेत आणि त्यांच्या जटेमागून लाल बस निघालीय, ती थांबते, दोन माणसं उतरतात, बस पुढे जाते. दिग्दर्शकाचं म्हणणं, ऋषींचा चेहरा पुन्हा असा लागणार नाही, बस काढा. मी आठ दिवस बस काढत होते. काढून झाल्यावर लक्षात आलं, उतरलेला एक माणूस तसाच राहिला होता. मालिकेत तो अजून आहे, लांबवर एका झाडाखाली, छत्री घेऊन.

आता त्या परदेशी सिनेमांकडे येते. तीन भागांची मालिका होती. राज्यं, शापित तलवारी, पंख असलेले घोडे, बर्फातलं युद्ध, सगळं. नाव लिहीत नाही, कारण तेव्हा गुप्ततेच्या करारावर सही केली होती आणि तिला मी अजून वचकून आहे. पहिल्या भागाने संगीताचा आणि वेशभूषेचा पुरस्कार घेतला, दुसऱ्याने व्हिज्युअल इफेक्ट्सचा, तिसऱ्याने तर सर्वोत्कृष्ट चित्रपटापासून झाडून सगळे. काम असं यायचं की मुख्य कंपनी तिकडची, ती कामाचे तुकडे जगभर वाटणार, त्यातला एक तुकडा अंधेरीत आमच्याकडे. पंखवाल्या घोड्यावर बसलेली राणी प्रत्यक्षात निळ्या कापडासमोर तारांना टांगलेली असायची. घोडा दुसरे बनवत, आम्ही तारा काढायचो.

तोवर मी विभागप्रमुख झाले होते, हाताखाली शंभरावर माणसं होती आणि त्यात रमाकांत एकच होता. मूळचा कणकवलीकडचा, राहायला बोरिवलीला, वडील गिरणीत होते. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. बोलायचा कमी, आणि बोलला की मध्येच मालवणीत घसरायचा. दुसऱ्या भागात एक शॉट होता. म्हातारी राणी गोठलेल्या तळ्यावरून जाताना घोड्यावरून घसरते आणि तिचे पांढरे केस वाऱ्यावर सुटतात. दोन तारा त्या केसांच्या मागून गेलेल्या. आभाळासमोरची तार कुणीही काढेल. केसांमागची काढायला गेलं की केसच जातात. मग एकेक केस नव्याने बनवावा लागतो, तोही वाऱ्याबरोबर हलणारा. तो शॉट दोन देशांतल्या स्टुडिओंतून न जमता परत आला होता. रमाकांतने तो मागून घेतला आणि सात आठवडे त्याच्यावर बसला. सुट्टीच्या दिवशी बायकोला, सायलीला, गच्चीवर उभं करून केस मोकळे सोडायला लावायचा आणि बघत बसायचा. शेजारपाजारचे हसायचे म्हणे.

बाहेरच्या वाचकाला माहीत नसेल ते आता सांगते. सिनेमा संपल्यावर जी नावांची लांबलचक यादी वर सरकत जाते, तिच्यात काम केलेल्या सगळ्यांची नावं नसतात. प्रत्येक स्टुडिओला जागा मोजून मिळते. आम्हाला दर भागात अडतीस नावं मिळणार होती. आणि ते नाव म्हणजे शोभेची गोष्ट नव्हे. दुसरीकडे काम मागायला गेलं की पहिला प्रश्न तोच असतो, पडद्यावर नाव कुठे आलंय? नाव नसेल तर केलेलं काम तुमचं, हे सिद्ध करायला काही उरत नाही, कारण फाइली काम संपताच पुसाव्या लागतात.

म्हणून मी पाळी लावली. पाण्याच्या कूलरशेजारी कागद चिकटवला, पहिल्या भागात ही नावं, दुसऱ्यात ही, तिसऱ्यात उरलेली. एकदा आलेलं नाव पुन्हा नाही. रमाकांत म्हणाला, "शिमग्यात पालखी फिरते तशी. कोणाच्या दारात आधी, कोणाच्या नंतर, पण जाते सगळीकडे." मला ते फार आवडलं. पहिल्या भागाच्या पाळीत त्याचं नाव होतं, पण आमच्यातल्या एका मुलीला परदेशी नोकरीसाठी घाई होती, तर त्यानं आपली जागा तिला दिली. "माझां पुढच्यात घाला, ताई."

दुसऱ्या भागाची यादी जायच्या दिवशी मुख्य कंपनीची मेल आली, एक नाव कमी करा. सदतीसच.

त्या यादीत माझं नाव होतं. पहिल्या भागातही होतं, त्यामुळे नियमाने दुसऱ्यात नको होतं. पण विभागप्रमुखाचं नाव नसलं तर कसं दिसेल, असं मीच मला सांगितलं होतं आणि गुपचूप घातलं होतं. आता एक काढायचं म्हटल्यावर ते काढणं सरळ होतं. मी यादीवरून तीनदा नजर फिरवली. इतकी वर्षं डोळ्याला सवय, काय काढलं तर कमी खटकेल ते शोधायची. रमाकांत कधी आवाज करत नाही. तिसरा भाग आहेच. मी त्याचं नाव काढलं आणि यादी पाठवून दिली. त्याला सांगायचं ठरवलं होतं. उद्या सांगू, परवा सांगू, असं करता करता सिनेमा लागला.

सोमवारी तो कामावर आला तो नेहमीसारखाच. मी विचारलं, "बघितलास का रे?"

"बघितला. सगळे गेलो होतो. आई गावाहून आली होती, भाऊ, वहिनी, पोरं."

"मग?"

"शेवटपर्यंत बसलो. थिएटरात दिवे लागले, झाडूवाले आले, तरी आई उठेना. म्हणते, तुझां नाव अजून येवचां असा." तो जरा हसला. "चला, शनिवारचा शॉट उघडतो."

मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि मीटिंगला गेले.

पुरस्कारांचा सोहळा तिकडे रात्री असतो, म्हणजे आपल्या सकाळी. आम्ही सगळे कँटीनमध्ये टीव्हीसमोर जमलो होतो, हातात उपम्याच्या बश्या. व्हिज्युअल इफेक्ट्सची नामांकनं वाचली आणि प्रत्येक सिनेमातला एकेक तुकडा दाखवायला लागले. आमच्या सिनेमातला जेमतेम चार सेकंदांचा तुकडा दाखवला. गोठलेलं तळं, घसरणारी राणी, सुटलेले पांढरे केस. जगभरच्या हजारो शॉट्समधून त्यांनी तोच निवडला होता. पुरस्कार जाहीर झाला तशी कँटीनमध्ये एकच आरडाओरड झाली, आणि मग सगळे रमाकांतकडे वळले. कुणीतरी त्याला उचलायला गेलं. तो म्हणाला, "अरे बशी सांडतली!" मंचावर चार गोरे गृहस्थ आभार मानत होते. त्यांनी आपापल्या आयांची नावं घेतली. अंधेरीचं नाव कोण घेणार, आमची अपेक्षाही नव्हती. मी टाळ्या वाजवल्या आणि माझी बशी भरलेलीच परत ठेवून आले.

दोन महिन्यांनी तिकडून प्रशस्तिपत्रं आली. पुरस्कार मिळालेल्या कामातल्या सहभागाबद्दल, पडद्यावर ज्यांची नावं होती त्या सदतीस जणांना. जाड कागद, मागे फिकट निळ्या लाटांची नक्षी, मधोमध नाव. माझ्या नावाचं मला मिळालं. नवऱ्याने हौसेने फ्रेम केलं आणि मुलुंडच्या घरात दिवाणखान्यात लावलं.

आणि तिसरा भाग आमच्याकडे आलाच नाही. काम दुसऱ्या देशात गेलं. आमचा स्टुडिओ आधी निम्मा झाला, मग बंद. मी निवृत्तीच्या काठावरच होते, माझं निभावलं. रमाकांत अठ्ठेचाळिसाव्या वर्षी रस्त्यावर आला. तिसऱ्या भागाला पुरस्कारांची रास मिळाली त्या सकाळी मी टीव्ही लावलाच नाही, कपाटं आवरत बसले.

पुढे एका जुन्या सहकाऱ्याकडून कळलं, रमाकांत बोरिवलीला एका झेरॉक्सच्या दुकानात पासपोर्ट फोटो काढतो. अंधेरीत नवीन स्टुडिओ निघाला होता, तिथे त्यानं अर्ज केला तर पडद्यावरचं नाव नाही म्हणून तो दारातूनच परत आला. ते ऐकल्यापासून मला घरात बसवेना. दिवाणखान्यात गेलं की ती फ्रेम. स्वयंपाक करताना पाठीमागे ती फ्रेम. आठवडाभर मी येरझाऱ्या घातल्या आणि मग ती खाली उतरवली.

मला जे येतं तेच मी केलं. प्रशस्तिपत्र स्कॅन केलं, माझं नाव काढलं, मागच्या निळ्या लाटा बनवल्या आणि त्याचं नाव घातलं. तीन दिवस लागले. तसाच जाड कागद शोधून छापलं. नवऱ्याला दोन्ही कागद दाखवले, त्याला खरं कुठलं ते ओळखता आलं नाही. हे खोटं आहे, हे मला कळत होतं. पण मी त्याची एक जागा घेतली होती आणि ती मी परत देतेय, एवढंच डोक्यात होतं.

रविवारी रिक्षाने बोरिवलीला गेले. सायलीने दार उघडलं. "या," म्हणाली, पण हसली नाही. मी रमाकांतच्या हातात पाकीट दिलं. म्हटलं, "तुझं आहे. उशिरा आलं."

त्यानं कागद बाहेर काढला, खिडकीशी नेला, थोडा तिरका धरला. मिनिटभरही झालं नसेल.

"ताई, ही लाट आणि ही लाट एकच आहे."

मी वाकून बघितलं.

"शेजारची उचलून इथे लावलीत. तुम्हीच ओरडायचात ना आम्हाला, शेजारचं उचलून लावायचं नाही, नव्यानं बनवायचं म्हणून?" त्यानं बोट फिरवलं. "इथून इथपर्यंत काढलंय काहीतरी. माझ्या नावापेक्षा मोठं नाव होतं. तुमचं होतं काय?"

मग मी सगळं सांगितलं. अडतीसचं सदतीस झालं ते, माझं दोनदा घातलेलं नाव, उद्या-परवा सांगू म्हणत न सांगितलेलं. बोलताना मला रडू आलं. सायली चहा घेऊन दारात उभी होती, तिने कप आपटूनच ठेवले.

रमाकांत म्हणाला, "माका म्हायत होतां."

"कसं?"

"सदतीस नावांची यादी प्रिंटरवर पडली होती. मीच तुमच्या टेबलावर आणून ठेवली."

"अरे, मग घरच्यांना घेऊन कशाला गेलास?"

त्यानं कागद परत पाकिटात सरकवला. मग म्हणाला, "शेवटच्या घडीक तुम्ही बदलशात, असां वाटलां."

इतक्या वर्षांत मला कुणी शिव्या घातल्या असतील, पण इतकं काही लागलं नाही.

सायली म्हणाली, "ताई, हे खोटं घेऊन तो कुठे जाणार? पकडला गेला तर झेरॉक्सवालाही ठेवणार नाही. तुम्ही साहेब होता ना त्याच्या? मग त्यानं काय काम केलं ते तुम्ही साधं लिहून का देत नाही?"

खरं सांगते, हे मला सुचलंच नव्हतं. पुसायचं आणि मागचं बनवायचं, याच्यापलीकडे माझं डोकं गेलंच नव्हतं. शिवाय त्या कराराची भीती होती. मी म्हटलं, "कागद दे."

पोराच्या वहीचं पान मिळालं. मी हाताने लिहिलं, सिनेमाचं नाव घालून. तळ्यावरचा तो शॉट, केसांमागची तार, सात आठवडे, एकट्या रमाकांतने काढली, मी त्याच्या मागे उभी राहून बघितली. पुढे लिहिलं, त्याचं नाव पडद्यावर नाही, कारण ते मी काढलं आणि माझं ठेवलं. दोन शब्द चुकले, ते खोडले. मी म्हटलं, "थांब, हे चांगल्या अक्षरात परत लिहून देते."

"नको," रमाकांत म्हणाला. "खोडलेलां ऱ्हवांदे. पण ही शेवटची ओळ कशाला? तुमच्याविषयीची?"

"असू दे," मी म्हटलं. माझं खोटं प्रशस्तिपत्र मी तिथेच फाडलं. खरं आता घरात कपाटाच्या वर आहे, उलटं ठेवलेलं.

महिन्याभराने त्याला त्या स्टुडिओचं बोलावणं आलं. पत्र त्यांनी किती मनावर घेतलं, मला माहीत नाही. त्यांनी त्याला संगणकासमोर बसवलं आणि एक तार काढायला दिली. केसांमागची. पुढे काय झालं ते सांगायला नको.

गेल्या हिवाळ्यात तो ज्यावर काम करत होता तो सिनेमा लागला. तोही राजाराण्यांचाच, पण आपल्याकडचा. मी मुलुंडच्या थिएटरात गेले. सिनेमात काय होतं ते मला धड आठवत नाही, मी संपायची वाट बघत होते. लोक उठले, दिवे लागले, झाडू घेऊन दोघंजण आत आले. नवरा म्हणाला, "चल ना आता." मी उभ्याउभ्याच बघत होते. नावं चार-चारच्या ओळींत भराभर वर चालली होती. एका क्षणी वाटलं, दिसलं. पण ते इतक्या वेगाने गेलं की खरंच होतं की माझ्या डोळ्यांनी तिथे लावलं, ते कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या खेळाचं तिकीट काढून मी एकटी परत गेले. या वेळी मी पडद्याच्या अगदी जवळ बसले, मान मोडेपर्यंत. पेंट विभाग आला, आणि तिसऱ्या रांगेत तो होता. मी बाहेर येऊन त्याला फोन लावला.

"दिसलं रे."

"म्हायत असा," तो म्हणाला. "काल आयेक दाखवलंय. तुम्ही काय, त्यात काय काढूचां ताच बघत होतात मां?"

"नाही रे," मी म्हटलं. आणि खरंच, पहिल्यांदाच, त्या चित्रातलं काही काढावंसं मला वाटलं नव्हतं.